पाच किलोंची सुई : गरज आणि मागणी

वजन कमी करण्याची इंजेक्शने हा या पानावर चर्चेला घेण्याचा विषय आहे काय, अशी शंका काही वाचकांच्या मनात येईल. ज्या बीड जिल्ह्यातून दरवर्षी दसरा-दिवाळीच्या सुमारास लाखो माणसे कोयता घेऊन ऊसतोडीला बाहेर पडतात, तेथे पोट कमी करण्याच्या सुईचा विचार म्हणजे सुखवस्तूंची चैन, असे म्हणून तो बाजूला सारणे सोपे आहे. तसे करणे मात्र योग्य होणार नाही. मोठ्या शहरातील चैन जिल्ह्याच्या गावी पोहोचायला हल्ली फार काळ लागत नाही, आणि ती पोहोचल्यानंतर तिच्याविषयी मत बनविण्यात अर्थ उरत नाही. शिवाय प्रश्न आपल्याच माणसांकडून येऊ लागला आहे. शिक्षक, बँकेतील कर्मचारी, निवृत्तिवेतनधारक, क्वचित आपले जुने कार्यकर्तेही विचारतात की, फार नाही, पाचसहा किलोच कमी करायचे आहेत. ही सुई घ्यावी काय? या प्रश्नाला नीट उत्तर दिले पाहिजे. टिंगल हे उत्तर नव्हे, आणि 'डॉक्टरांना विचारा' एवढेही पुरेसे नाही.

प्रथम वस्तुस्थिती पाहू. मार्च २०२५ मध्ये 'मौंजारो' या नावाने तिर्झेपेटाइड आणि जून २०२५ मध्ये 'वेगोव्ही' या नावाने सेमाग्लुटाइड भारतीय बाजारात आले. दोन्ही औषधे आठवड्यातून एकदा कातडीखाली टोचून घ्यावयाची. मौंजारो आले तेव्हा अडीच मिलिग्रॅमची कुपी ३,५०० रुपयांना आणि पाच मिलिग्रॅमची ४,३७५ रुपयांना होती; म्हणजे चार आठवड्यांचा खर्च १४,००० ते १७,५०० रुपये. वेगोव्हीची सुरुवातीची मात्रा महिन्याला १७,३४५ रुपयांना पडत असे. नोव्हेंबर २०२५ मध्ये ती १०,८५० रुपयांवर आणण्यात आली. रोजगार हमीच्या कामावरील मजुरी महाराष्ट्रात २०२५-२६ सालासाठी दिवसाला ३१२ रुपये होती. या मजुरीच्या मापाने कपातीनंतरच्या एका महिन्याच्या सुया पस्तीस दिवसांच्या श्रमाला मिळतात. महिन्याचे दिवसच तीस असतात, हे सांगावयास नको.

ही किंमत कायम राहणार नाही, हेही तितकेच खरे. भारतात सेमाग्लुटाइडच्या पेटंटची मुदत मार्च २०२६ पर्यंतचीच. त्यानंतर देशी कंपन्यांना तेच औषध स्वतः बनवून विकण्याची वाट मोकळी होते. १९७० च्या पेटंट कायद्याने औषधांच्या बाबतीत फक्त प्रक्रियेला संरक्षण दिले आणि त्या आधारावर आपल्या देशात स्वस्त औषधांचा उद्योग उभा राहिला. २००५ पासून पदार्थावरील पेटंट पुन्हा आले. परंतु मुदत संपताच नक्कल औषध बनविण्याचे कौशल्य आपल्याकडे शिल्लक राहिले ते त्या जुन्या कायद्यामुळे. किंमत उतरणे हे स्वागतार्हच आहे. मात्र त्यामुळे, 'परवडत नाही म्हणून नको' हा सोपा युक्तिवाद निकालात निघतो. निर्णय आता अन्य आधारांवर घ्यावा लागेल.

हे औषध करते तरी काय? जेवणानंतर आतड्यातून एक संप्रेरक स्रवते. ते रक्तातील साखर वाढलेली असेल तेव्हा इन्शुलिन वाढविते, जठर रिकामे होण्याची गती मंदावते आणि मेंदूला तृप्तीचा निरोप देते. शरीरातील हे संप्रेरक काही मिनिटांतच नष्ट होते. सेमाग्लुटाइड त्याचीच नक्कल करते, पण आठवडाभर टिकते. तिर्झेपेटाइड अशाच दोन संप्रेरकांचे काम एकदम करते. भूक कमी होते, माणूस कमी खातो, वजन उतरते. यात जादू नाही आणि फसवणूकही नाही. २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत १,९६१ जणांपैकी सेमाग्लुटाइड घेणाऱ्यांचे वजन ६८ आठवड्यांत सरासरी १४.९ टक्क्यांनी घटले. नुसती औषधहीन सुई घेणाऱ्यांचे २.४ टक्क्यांनी. तिर्झेपेटाइडच्या सर्वांत मोठ्या मात्रेने २०२२ च्या चाचणीत ७२ आठवड्यांत सुमारे २१ टक्के घट झाली. लठ्ठपणाच्या औषधांच्या इतिहासात असे आकडे पूर्वी नव्हते. २०२३ साली १७,६०४ जणांच्या चाचणीने हेही दाखविले की, आधीच हृदयविकार असलेल्या वजनदार माणसांत सेमाग्लुटाइडमुळे हृदयविकाराचा झटका, पक्षाघात आणि हृदयविकाराने होणारे मृत्यू हे एकत्रितपणे २० टक्क्यांनी कमी झाले. तेव्हा या औषधाला सरसकट 'भांडवलशाहीचे फॅड' म्हणणे अडाणीपणाचे होईल.

परंतु येथेच दुसरा प्रश्न उभा राहतो. या चाचण्या कोणावर झाल्या? किलोग्रॅममधील वजनाला मीटरमधील उंचीच्या वर्गाने भागले की जो आकडा येतो त्याला बीएमआय म्हणतात. वजन घटविण्याच्या चाचण्यांत तो ३० किंवा अधिक, अथवा २७ किंवा अधिक आणि जोडीला वजनाशी निगडित एखादा विकार, अशांनाच प्रवेश होता. आपल्याकडे औषधाला जी मान्यता मिळाली तीही याच अटींवर. जागतिक आरोग्य संघटनेने डिसेंबर २०२५ मध्ये प्रथमच या औषधांविषयी मार्गदर्शन केले, तेव्हा ३० व त्यापुढील प्रौढांसाठी, तेही आहार आणि हालचालीच्या जोडीने, दीर्घकालीन उपचार म्हणून सशर्त शिफारस केली.

आता हे माप एका प्रत्यक्ष उदाहरणाला लावून पाहू. माझ्या परिचयाच्या एका शिक्षिकेची उंची १५८ सेंटिमीटर आणि वजन ६४ किलो. बीएमआय येतो २५.६. रक्तदाब ठीक, साखर ठीक. त्यांना ५९ किलोंवर यायचे आहे, म्हणजे आठ टक्क्यांच्या आतबाहेर घट. भारतीय तज्ज्ञांनी २००९ साली आपल्या लोकांसाठी खालची सीमा सुचविली : २३ च्या पुढे जादा वजन, २५ च्या पुढे लठ्ठपणा. त्या मापाने या बाई 'लठ्ठ' ठरतात आणि सुईच्या मापाने त्या अपात्र. बाजार नेमका या दोन मापांच्या मधल्या जागेत उभा राहतो. भारतीय माप तो कान देऊन ऐकवितो आणि सुईचे माप हळू आवाजात सांगतो.

भारतीय माप खाली का आणले, हे समजून घेतले की घोटाळा दूर होतो. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे इंग्लंडमधील सहकारी जॉन यडकिन यांचे एक जोड-छायाचित्र २००४ साली 'लॅन्सेट'मध्ये छापले गेले. दोघांचाही बीएमआय तंतोतंत २२.३. पण यडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के आणि याज्ञिकांच्या शरीरात २१.२ टक्के. म्हणजे आपला माणूस काट्यावर सडपातळ दिसला तरी आतून चरबीचा असू शकतो, आणि ही चरबी पोटाभोवती साठते. पुण्याजवळच्या खेड्यांतील अभ्यासातून त्यांनी दाखविले की, ही ठेवण जन्माच्या वेळीच, आईच्या कुपोषणापासून सुरू होते. तेव्हा खालची सीमा सांगते ती एवढेच की, २५ झाल्यावर साखर, रक्तदाब आणि कंबर मोजून घ्या. पुरुषांची कंबर ९० सेंटिमीटर आणि स्त्रियांची ८० सेंटिमीटर ओलांडत असेल तर सावध व्हा. 'सुई घ्या' असे ती सीमा सांगत नाही. उलट, वजनकाट्याचा आकडा हेच उद्दिष्ट मानणे किती भ्रामक आहे, हे ते छायाचित्र सांगते.

अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला भांडवली खर्च आणि आवर्ती खर्च यांतील फरक पहिल्याच वर्षी शिकविला जातो. मोतीबिंदूची शस्त्रक्रिया हा भांडवली खर्च : एकदा केला की दृष्टी आपली. वजनाची सुई हा आवर्ती खर्च, खरे तर भाडे आहे. भाडे थांबले की घर सोडावे लागते. सेमाग्लुटाइडच्या त्याच चाचणीतील काही जणांचा औषध बंद केल्यानंतर वर्षभर मागोवा घेण्यात आला. त्यांनी सरासरी १७.३ टक्के वजन घटविले होते. वर्षभरात त्यातील ११.६ टक्के, म्हणजे दोन-तृतीयांश, परत आले. रक्तदाबादी लाभही बऱ्याच अंशी मावळले. ज्याला मधुमेह किंवा हृदयविकार आहे तो आयुष्यभर गोळ्या घेतोच. त्याच्यासाठी हे भाडे समर्थनीय आहे, कारण त्या घरात त्याचा जीव सुरक्षित आहे. पाच किलोंसाठी मात्र हा करार किती वर्षांचा, हा प्रश्न पहिल्या सुईपूर्वी विचारला पाहिजे. सुरुवातीच्या मात्रेच्या १०,८५० रुपयांनीच हिशेब केला तरी वर्षाला १,३०,२०० रुपये होतात. मात्रा वाढली की खर्च वाढतो. किंमत पाचव्या हिश्श्यावर आली तरी वर्षाला २६,००० रुपये, आणि तेही दरवर्षी.

पैशांपलीकडचाही एक खर्च आहे. मळमळ, उलट्या, जुलाब, बद्धकोष्ठ हे त्रास अनेकांना होतात. बहुतेकांचे ते काही आठवड्यांत ओसरतात. पित्ताशयातील खडे आणि स्वादुपिंडाचा दाह हे कमी आढळणारे, पण गंभीर त्रास होत. ज्यांच्या घरात थायरॉईडचा मेड्युलरी कर्करोग झालेला आहे, त्यांना ही औषधे वर्ज्य आहेत. गर्भधारणेत ती चालत नाहीत. सेमाग्लुटाइड तर अपत्याचा विचार असेल त्याच्या दोन महिने आधीच थांबवावे लागते. आणि घटलेले सगळे वजन चरबीचे नसते. चाचण्यांतील मोजणीनुसार त्याचा साधारण चौथा हिस्सा ते चाळीस टक्के भाग स्नायूंसह चरबीखेरीज ऊतींचा असतो. ज्याच्या अंगावर तीस किलो जादा आहेत त्याला हा तोटा सोसवेल. आपल्या मध्यमवयीन स्त्रीचे स्नायू मुळातच कमी, ताटात डाळ बेताची. तिचे पाच किलो गेले आणि त्यात दीड-दोन किलो स्नायू गेले, पुढे सुई थांबली आणि परत आलेले वजन बहुतांशी चरबीचे असले, तर काटा पूर्वीचाच दाखवील आणि शरीर पूर्वीपेक्षा दुबळे झालेले असेल. आजाऱ्याच्या बाबतीत धोका आणि लाभ यांच्या तराजूत लाभाचे पारडे भरलेले असते. निरोग्याच्या बाबतीत धोका तेवढाच राहतो आणि लाभाचे पारडे रिकामे होते. या साध्या विचारात सगळा निर्णय सामावलेला आहे.

मग मर्यादित उद्दिष्ट असणाऱ्याने काय करावे? येथे विज्ञानाकडे सुईइतकेच भक्कम उत्तर आहे, फक्त त्याची जाहिरात होत नाही. २००२ साली अमेरिकेत ३,२३४ जणांवरील चाचणीत सात टक्के वजनघट आणि आठवड्याला १५० मिनिटे चालणे एवढेच लक्ष्य ठेवले होते. त्या गटाने सरासरी ५.६ किलो घटविले आणि मधुमेह होण्याचे प्रमाण ५८ टक्क्यांनी उतरले. आमच्या शिक्षिकाबाईंना हव्या असलेल्या पाच किलोंचीच ही घट आहे! याहून अधिक बोलका अनुभव चेन्नईचा. डॉ. रामचंद्रन यांनी २००६ साली प्रसिद्ध केलेल्या ५३१ जणांच्या अभ्यासात आहार आणि चालणे यांमुळे मधुमेहाचा धोका २८.५ टक्क्यांनी घटला, आणि तो वजनात म्हणण्यासारखी घट नसताना! काटा हलला नाही, आरोग्य मात्र सुधारले.

बीडच्या भाषेत याचा अर्थ काय? दिवसाकाठी चहाचे चार कप आणि कपात दोन चमचे साखर धरली तर चाळीस ग्रॅम साखर होते. राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ साली दिवसाची मर्यादा वीस ते पंचवीस ग्रॅम सांगितली आहे. आपल्या जिल्ह्यातील माणसे ज्या उसासाठी हात सोलवटून घेतात, त्याची साखर आपल्या पोटावर साठत आहे. भारतीय आहारात ऊर्जेचा सुमारे ६२ टक्के भाग पिष्टमय पदार्थांतून येतो, असे २०२५ साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीत आढळले. रेशनवर गहू-तांदूळ येतात. ज्वारी आणि डाळ मागे पडली. तेव्हा शाळूची भाकरी, तिच्यासोबत घट्ट वरण किंवा मटकीची उसळ, मूठभर शेंगदाणे, बिनसाखरेचा चहा आणि रोजचा अर्धा तास झपझप चालणे, हाच पाच किलोंचा इलाज आहे. हे लिहिणे सोपे आणि आचरणे कठीण, हे मला ठाऊक आहे. पण ते कठीण का आहे? संध्याकाळी स्त्रीने निर्धास्त चालावे अशी किती मोकळी जागा आपल्या तालुक्याच्या गावांत आहे? शाळा, स्वयंपाक आणि घरच्या वृद्धांची सेवा यांतून तिला तो अर्धा तास कोण काढून देतो? वजनाचा दोष तिच्या निर्धारावर टाकून मोकळे होणे हे समाजवाद्याला शोभणारे नाही. तिला वेळ आणि जागा मिळवून देणे, हे राजकीय काम आहे.

बीड जिल्ह्याला या संदर्भात एक विशेष अधिकार आहे. आजाराची खूण नसलेल्या शरीरावर वैद्यकीय साधने वापरली गेली की काय होते, हे आपण दोनदा पाहिले आहे. सोनोग्राफीचे यंत्र गर्भातील व्यंग शोधण्यासाठी आले. २०११ च्या जनगणनेत या जिल्ह्यात सहा वर्षांखालील हजार मुलांमागे मुली ८०७ उरल्या होत्या, त्याआधीच्या जनगणनेत त्या ८९४ होत्या. गर्भाशय काढण्याची शस्त्रक्रिया गंभीर विकारांसाठी असते. २०१९ साली नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालील समितीसमोर जी पाहणी आली तीत जिल्ह्यातील ८२,३०९ ऊसतोड स्त्रियांपैकी १३,८६१ जणींची गर्भाशये काढलेली आढळली. दर सहा जणींत एक! पाळीच्या चार दिवसांत खाडा पडू नये, मुकादमाची उचल फिटावी, अंगावरून जाणे एकदाचे थांबावे, या साऱ्या कामाच्या आणि दारिद्र्याच्या तक्रारी होत्या. त्यांवर शस्त्रक्रियेचा इलाज विकला गेला, आणि विकत घेणाऱ्यांनी तो स्वखुशीने घेतला असे म्हणायलाही जागा ठेवली गेली. वजनाची सुई ही त्या शस्त्रक्रियेइतकी क्रूर नाही, हे उघड आहे. ती थांबविता येते, गर्भाशय परत बसविता येत नाही. परंतु साखळी तीच आहे. जगण्याच्या रीतीतून निर्माण झालेली तक्रार, तिला दिलेले वैद्यकीय नाव, आणि त्या नावावर उभा राहिलेला धंदा.

अर्थशास्त्रात गरज आणि मागणी हे शब्द एक नाहीत. बाजार मागणी ओळखतो, म्हणजे खिशातील पैशांसह आलेली इच्छा. गरज त्याला दिसत नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातील २४ टक्के स्त्रियांचा बीएमआय २५ किंवा त्याहून अधिक होता, आणि त्याच वेळी १८.७ टक्के स्त्रियांचा १८.५ च्या खाली. ऊसतोडीच्या फडावरील ज्या बाईला पाच किलो वाढविण्याची गरज आहे तिच्यासाठी कोणत्याही कंपनीने औषध आणलेले नाही, कारण तिचे औषध धान्य, डाळ आणि विश्रांती हे आहे. दुसरीकडे, मधुमेह जडलेला, मूत्रपिंड अथवा हृदय धोक्यात आलेला आणि वजन खरोखर भारी असलेला एखादा एसटीचा चालक किंवा हमाल आहे. सप्टेंबर २०२५ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने ही औषधे आवश्यक औषधांच्या यादीत घातली ती अशाच रुग्णांसाठी. त्याला ही सुई हवी, आणि ती त्याला अंबाजोगाईच्या शासकीय रुग्णालयात किंवा बीडच्या जिल्हा रुग्णालयात सार्वजनिक खर्चाने मिळाली पाहिजे.

म्हणून आपली मागणी दुहेरी असावी. पेटंटची मुदत संपल्यानंतरची स्वस्त औषधे शासनाने एकगठ्ठा खरेदी करून पात्र रुग्णांना द्यावीत. आणि लठ्ठपणा घालविण्याच्या औषधांची लोकांत जाहिरात करण्यास १९५४ च्या औषधे व जादूटोणा उपचार कायद्यानेच मनाई केली आहे. तिची अंमलबजावणी अन्न व औषध प्रशासनाने करावी. चिठ्ठीवाचून ही सुई दुकानातून किंवा सौंदर्यगृहातून मिळता कामा नये. जेथे अशी विक्री दिसेल तेथे कार्यकर्त्यांनी लेखी तक्रार द्यावी आणि तिची पोच घ्यावी.

आणि ज्यांनी प्रश्न विचारला त्यांच्यासाठी उत्तर असे. बीएमआय २७ च्या आत असेल, साखर व रक्तदाब ठीक असतील आणि उद्दिष्ट पाचसहा किलोंचे असेल, तर ही सुई तुमच्यासाठी नाही. ती स्वस्त झाली तरी नाही. आकडा त्याच्या वर असेल आणि जोडीला आजार असेल, तर विचार उद्दिष्ट किती किलोंचे याचा करू नका, आजाराचा करा. तज्ज्ञ डॉक्टरांना तीन गोष्टी स्पष्ट विचारा : माझा कोणता धोका याने कमी होणार, औषध किती वर्षे चालणार, आणि थांबविल्यावर काय होणार. या तिन्हींचे उत्तर मिळेपर्यंत पहिली सुई घेऊ नका. आमच्या शिक्षिकाबाईंनी तूर्त कंबर आणि साखर मोजून घेतली आहे, आणि शेजारच्या चौघींना बरोबर घेऊन शाळेच्या मैदानावर सकाळी चालायला सुरुवात केली आहे. मैदानाचे फाटक सकाळी उघडे ठेवावे, यासाठी नगरपालिकेकडे अर्ज द्यावयाचा आहे. त्या अर्जावर आपल्या सह्या असाव्यात.